'हम लोग'चे मेक्सिकन आजोळ : एक मराठी मंत्री, एक सोशिक भगवंती आणि चार लाख पत्रे

भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी हे तानसा नदीच्या काठी, गरम पाण्याच्या कुंडांसाठी ओळखले जाणारे गाव. आज तिथल्या एखाद्या ओसरीवर बसलेला तरुण लाल झगे आणि मिशाळ मुखवटे घातलेल्या दरोडेखोरांची स्पॅनिश मालिका मोबाईलवर पाहताना दिसला, तर कुणाला आश्चर्य वाटत नाही. 'ला कासा दे पापेल', म्हणजेच जगभर 'मनी हाईस्ट' या नावाने गाजलेली ही मालिका २०१७ साली स्पेनमधील एका वाहिनीवर सुरू झाली, तिथे तिचा प्रेक्षक ओसरला, आणि मग नेटफ्लिक्सवर तिचा पुनर्जन्म झाला. २०२१ मध्ये तिचे हिंदी, तमिळ आणि तेलुगू ध्वनिमुद्रण आले. मराठीचे नाव त्या यादीत नव्हते, याची मराठी माणसाला सवय आहे.

स्पॅनिश मालिका आपल्या घरांत पहिल्यांदा शिरली ती अशी, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ती चार दशकांपूर्वीच येऊन बसली होती. तेव्हा ती स्पॅनिश बोलत नव्हती. ती शुद्ध हिंदी बोलत होती, दिल्लीच्या एका निम्नमध्यमवर्गीय घरात राहत होती आणि तिचे नाव 'हम लोग' होते. तिला इकडे आणण्याची कल्पना ज्याच्या डोक्यात आली, तो माणूस नाशिकला जन्मलेला आणि वर्ध्यातून लोकसभेवर निवडून गेलेला होता.

ही गोष्ट त्या माणसाची आहे, मेक्सिकोतील एका नाट्यदिग्दर्शकाची आहे. पण त्या दोघांच्या योजनेचे शेवटी काय करायचे हे ज्यांनी ठरवले, त्या प्रेक्षकांची ती अधिक आहे.

आधी मूळ पाहू. स्पॅनिश भाषेतील दूरचित्रवाणी मालिकेला 'तेलेनोवेला' म्हणतात. 'नोवेला' म्हणजे कादंबरी. तिची एक मुळी क्युबातील सिगार कारखान्यांत सापडते. १८६५ च्या सुमारास हवानामध्ये एक प्रथा रूढ झाली. तंबाखूची पाने वळत बसलेल्या कामगारांना एक वाचक उंच आसनावर बसून वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या वाचून दाखवी. वाचकाचा पगार कामगार आपल्या कमाईतून देत, आणि कोणते पुस्तक वाचायचे यात त्यांचा शब्द चाले. कथा आज जिथे थांबली तिथून उद्या पुढे. ज्या गावांत श्रावणात पोथी लावली जाते आणि अध्याय अर्धा राहिला की बायका दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे आधीच येऊन बसतात, त्या गावांना ही ओढ समजावून सांगावी लागत नाही.

पुढे रेडिओ आला. १९४८ मध्ये फेलिक्स काइन्येत या क्युबन लेखकाची 'एल देरेचो दे नासेर', म्हणजे 'जन्माचा हक्क', ही श्राव्य मालिका लॅटिन अमेरिकेत तुफान गाजली. १९५८ मध्ये मेक्सिकोत 'सेंदा प्रोइबिदा' ही रोजची तेलेनोवेला सुरू झाली. प्रायोजक होती साबण आणि दंतमंजन विकणारी कोलगेट-पामोलिव्ह. तिथपासून हा व्यवहार पक्का झाला : गोष्ट लोकांची, पैसा साबणाचा. या मालिकांचा एक नियम मात्र अमेरिकन 'सोप ऑपेरा'पेक्षा वेगळा होता. तेलेनोवेला संपते. काही महिन्यांत, फार तर वर्ष-दीड वर्षात, लग्न लागते, खलनायिकेला शिक्षा होते आणि पडदा पडतो. हा नियम लक्षात ठेवावा. तो पुढे भारतात आल्यावर त्याची जी गत झाली ती पाहण्यासारखी आहे.

मग येते १९६९ आणि पेरू हा देश. 'सिम्प्लेमेंते मारिया' या मालिकेत खेड्यातून लिमा शहरात आलेली एक मोलकरीण फसवली जाते, कुमारी माता होते, रात्रीच्या वर्गात अक्षरे शिकते, शिलाई मशीनवर कपडे शिवू लागते आणि अखेर नामांकित वस्त्रकार होते. भूमिका साबी कमालिच या अभिनेत्रीची. मालिका अर्जेंटिनातील मूळ कथेवरून घेतलेली होती आणि तिच्यामागे कोणताही सामाजिक कार्यक्रम नव्हता. करमणूक करावी आणि पैसे मिळवावेत एवढाच हेतू. पण झाले भलतेच. मोलकरणी शिवणवर्गांना आणि साक्षरता वर्गांना नावे घालू लागल्या. मारिया सिंगरचे मशीन वापरी, तर जिथे जिथे मालिका दिसली तिथे तिथे सिंगरची विक्री वाढली. कृतज्ञ कंपनीने कमालिचला सोन्याचे शिलाई मशीन भेट दिले. मारियाचे तिच्या शिक्षकाशी लग्न लागले त्या भागाचे चित्रीकरण लिमातील एका चर्चमध्ये झाले, तेव्हा बाहेर सुमारे १०,००० माणसे जमली. अनेकांनी वधूसाठी आहेर आणला होता.

एका नटीच्या खोट्या लग्नाला खरा आहेर! याला भाबडेपणा म्हणून हसण्यापूर्वी १९८५ सालातील उत्तर भारत आठवावा लागेल. तिथे पोहोचूच.

मेक्सिकोत मिगेल साबिदो नावाचा नाट्यदिग्दर्शक 'तेलेविसा' या बलाढ्य दूरचित्रवाणी कंपनीत काम करीत होता. 'मारिया'चा परिणाम पाहून त्याने एक साधा प्रश्न विचारला : जे नकळत घडले, ते जाणूनबुजून घडवता येईल का? त्याने मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा यांचा अनुकरणातून शिकण्याचा सिद्धांत घेतला, त्याला नाट्यशास्त्राची जोड दिली आणि एक पद्धत बसवली. कथेत तीन प्रकारची पात्रे ठेवायची. एक चांगल्या वर्तनाचे, त्याला शेवटी फळ मिळते. एक वाईट वर्तनाचे, त्याला शिक्षा मिळते. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे, काठावर उभे असलेले. चुकणारे, अडखळणारे, हळूहळू बदलणारे. प्रेक्षक त्या तिसऱ्यात स्वतःला पाहील, हा हिशेब. प्रत्येक भागाच्या शेवटी एखादी सर्वमान्य व्यक्ती येऊन चार शब्द सांगेल.

पहिला प्रयोग १९७५ चा : 'वेन कोनमिगो', म्हणजे 'माझ्याबरोबर ये'. विषय प्रौढ साक्षरता. एका भागात अभ्यासपुस्तिका कुठे मोफत मिळतात ते सांगितले गेले, तर दुसऱ्या दिवशी हजारो लोक त्या केंद्रावर धडकले आणि मेक्सिको शहराची वाहतूक तुंबली. त्या वर्षी साक्षरता वर्गांतील नोंदणी ९९,००० वरून ८,४०,००० वर गेली. दुसरा प्रयोग १९७७ चा, 'आकोम्पान्यामे', म्हणजे 'मला साथ दे'. विषय कुटुंबनियोजन. सरकारी दवाखान्यांत कुटुंबनियोजनासाठी येणाऱ्यांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने वाढली. याचे सगळे श्रेय मालिकेला देणे चुकीचे ठरेल, कारण त्याच काळात मेक्सिकन सरकारची मोहीमही जोरात होती. पण एखादी मालिका एवढे करू शकते, ही वार्ता जगभर पसरली.

१९७७ हे वर्ष भारतात कुटुंबनियोजनाच्या संदर्भात काय होते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगण्याची गरज नाही, निदान नसावी.

आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. जबरदस्तीच्या कथा सांगताना नेहमी दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश यांची नावे घेतली जातात. महाराष्ट्र त्यातून अलगद सुटतो. पण सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत १९७६ च्या जानेवारीत नसबंदीचे लक्ष्य गाठण्यासाठी बाजाराला आलेल्या खेडुतांना रस्त्यातून उचलून शिबिरात नेल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक मंजूर केले. असे विधेयक मंजूर करणारे हे देशातील एकमेव विधिमंडळ. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही, एवढेच. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याच्या इतिहासातील हे पान सहसा कुणी उलटत नाही.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींचा पराभव झाला आणि त्यानंतर 'कुटुंबनियोजन' हा शब्दच राजकारण्यांना तापल्या तव्यासारखा वाटू लागला. खात्याचे नाव बदलून 'कुटुंब कल्याण' करण्यात आले. लोकसंख्येचा प्रश्न होता तिथेच होता, पण त्याविषयी बोलायचे कसे हे कुणालाच कळत नव्हते.

१९८० मध्ये काँग्रेस परत सत्तेवर आली आणि माहिती व नभोवाणी खाते वसंत साठे यांच्याकडे आले. साठे हे आग्रही आणि फटकळ गृहस्थ. भारतात रंगीत दूरदर्शन आणायचेच, हा त्यांचा ध्यास. गरीब देशाला हे चोचले कशाला, अशी टीका संसदेत आणि संसदेबाहेर झाली. पण जग कृष्णधवल तंत्र मोडीत काढत असताना आपण ते नव्याने उभारणे हाच खरा अपव्यय, असे त्यांचे म्हणणे होते. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनवर रंग उमटले आणि नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धा देशाने रंगात पाहिल्या. तोवर साठे यांचे खाते बदलले होते.

मात्र जाण्यापूर्वी त्यांनी आणखी एक बी पेरले होते. १९८२ च्या मेक्सिको भेटीत त्यांनी साबिदोच्या मालिकांविषयी जाणून घेतले. पोलीस आणि तहसीलदार यांनी जे बिघडवले, ते एखाद्या गोष्टीने दुरुस्त करता येईल, असे त्यांना वाटले असणार हे उघड आहे. साठे यांच्यानंतर खात्याचे सचिव एस. एस. गिल यांनी ही कल्पना उचलून धरली. लेखक म्हणून हिंदीतील नामवंत कथाकार आणि संपादक मनोहर श्याम जोशी यांची निवड झाली, दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांच्याकडे गेले. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग'चा पहिला भाग प्रक्षेपित झाला.

इथे एक दुरुस्ती नोंदवणे आवश्यक आहे. 'हम लोग' ही भारतातील पहिली मालिका असे सर्रास लिहिले जाते. पण मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाल्यानंतर काही वर्षांतच, १९७७ च्या सुमारास, चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील 'चिमणराव गुंड्याभाऊ' मराठी घरांत पोहोचली होती. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ पाहण्यासाठी चाळीच्या चाळी एका खोलीत कोंबून बसत. फरक असा की चिमणरावाची प्रत्येक गोष्ट त्या त्या भागात पुरी होई. भागागणिक पुढे सरकणारी, पुढच्या भागावर टांगून ठेवणारी, म्हणजे तेलेनोवेलाच्या जातीची पहिली भारतीय मालिका 'हम लोग' हीच. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

'हम लोग'चे कुटुंब साबिदोच्या आराखड्यावर बेतलेले होते. बसेसर राम हा दारुडा, बेजबाबदार बाप. भगवंती ही त्याची सोसणारी बायको. पाच मुले : लल्लू, बडकी, मझली, नन्हे, छुटकी. वर आजी-आजोबा. खाणारी तोंडे नऊ आणि कमाई तुटपुंजी. म्हणजे कुटुंबाचा आकार हाच एक मुद्दा होता. बडकी ही शिकून स्वतःच्या पायावर उभी राहणारी चांगली मुलगी. मझलीला नटी व्हायचे असते, ती मुंबईला जाते आणि फसते. (मुंबई या शहराने हिंदी कथालेखकांचे हे काम कायमच सोपे केले आहे.) भागाच्या शेवटी सर्वमान्य व्यक्ती म्हणून साक्षात अशोककुमार येत, आपल्या खास मिश्कील ढंगात अर्धा-पाऊण मिनिट बोलत आणि प्रेक्षकांना विचारत : तुम्हाला काय वाटते?

हा प्रश्न शिष्टाचाराचा होता. लोकांनी तो खरा मानला.

पहिल्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा डोस भरपूर होता. प्रेक्षक कंटाळले. हे तर सरकारी अनुबोधपटच झाले, अशी तक्रार सुरू झाली. ज्या कारणासाठी मेक्सिकोहून ही पद्धत आणली, तो विषयच मग मागे सारण्यात आला आणि कथा हुंडा, दारू, स्त्रियांचे स्थान, घरातील भांडणे आणि एकोपा यांकडे वळली. त्यानंतर मालिकेने जो वेग घेतला तो अभूतपूर्व होता. तो काळही अनुकूल होता. १९८४ मध्ये काही महिने देशात जवळजवळ रोज एक नवे प्रक्षेपण केंद्र उभे राहत होते. आळीत एक संच आणि त्याच्यासमोर सगळी आळी, हे दृश्य तेव्हा शहराच्या वस्त्यांत होते तसे मुंबईपासून ऐंशी-एक किलोमीटरवरच्या गणेशपुरीसारख्या गावांतही होते. ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी संध्याकाळी चपलांचा ढीग. दर भाग सरासरी सुमारे ५ कोटी लोक पाहत, असा अंदाज आहे.

आणि पत्रे आली. सतरा महिन्यांत चार लाखांहून अधिक. त्यांत स्तुती होती, शिव्या होत्या, सल्ले होते, धमक्या होत्या. मझलीला घरी आणा. बसेसरला वठणीवर आणा. नन्हेला क्रिकेटच्या संघात घ्या. कथानकात नेत्रदानाचा प्रसंग आला तेव्हा आपणही नेत्रदानाचा संकल्प केल्याचे कळवणारी पत्रे आली. बडकीला अश्विनी नावाच्या तरुणाशी लग्न करावे की नाही याचा निर्णय होईना, तेव्हा तिच्यासारख्याच पेचात सापडलेल्या मुलींनी तिला लिहिले; नटीला नव्हे, बडकीला. आणि लग्नाचा भाग दाखवला जायचा होता त्या दिवशी उत्तर भारतात दुकाने लवकर बंद झाली. शुभेच्छांच्या तारा आल्या, हाताने केलेल्या भेटवस्तू आल्या. लिमातील चर्चसमोरच्या गर्दीला हसण्याचा हक्क आपण त्या दिवशी गमावला.

पण या सगळ्यात खरी विलक्षण गोष्ट भगवंतीची आहे.

आराखड्यात भगवंती ही 'वाईट' उदाहरण होती. मुकाट्याने मार आणि अपमान सोसणारी, नवऱ्याला आणि सासूला उलट शब्द न बोलणारी बाई कशी झिजून जाते, हे दाखवून बायकांना जागे करायचे, असा बेत. जयश्री अरोरा यांनी ती भूमिका इतकी जीव ओतून केली की बेत उलटला. असंख्य प्रेक्षकांनी भगवंतीला आदर्श मानले. किती सोशिक, किती कर्तव्यदक्ष, अशी बाई घरात असेल तर घर टिकते, अशी पत्रे येऊ लागली. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी १९८७ मध्ये १,१७० प्रौढांची पाहणी केली. त्यासाठी तीन प्रदेश निवडले होते : हिंदी भाषकांसाठी दिल्ली, तमिळ भाषकांसाठी मद्रास आणि मराठी भाषकांसाठी पुणे परिसर. सुमारे ७० टक्के लोकांनी सांगितले की मालिकेतून आपण स्त्री-पुरुष समानता शिकलो. आणि त्याच पाहणीतून हेही पुढे आले की भगवंतीसारखे व्हावे असे वाटणाऱ्यांची संख्या मोठी होती.

दोन्ही उत्तरे एकाच देशातील, कित्येकदा एकाच माणसाची. याला विसंगती म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु भगवंतीला आदर्श मानणाऱ्या बाईला मालिका कळली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिला ती फार चांगली कळली होती. नवरा दारुडा, माहेर तुटलेले, हातात पैसा नाही, पाच मुले पदरी. अशा स्थितीत सोसणे याखेरीज दुसरा मार्ग कोणता, हे दिल्लीच्या योजनाकारांनी तिला सांगितले नव्हते. तिने भगवंतीच्या सोसण्यात दुबळेपणा पाहिला नाही, तग धरण्याची ताकद पाहिली. मराठी प्रेक्षकाला ही बाई परकी नव्हतीच. १९९१ मध्ये 'माहेरची साडी' या चित्रपटाने थिएटरे भरून वाहिली आणि बायका पदर डोळ्यांना लावून बाहेर पडल्या, तेव्हा पडद्यावर अलका कुबल होत्या, पण गोष्ट पुन्हा तीच होती.

साबिदोच्या मूळ उदाहरणाशी ताडून पाहिले तर गंमत लक्षात येते. पेरूच्या मारियाकडे कोणताही उपदेश नव्हता, तरी मोलकरणींनी तिच्याकडून अक्षरे आणि शिवण घेतली. भगवंतीवर मोठा उपदेश लादलेला होता, तरी बायकांनी तो नाकारून स्वतःला हवे ते घेतले. साठे आणि गिल यांनी मेक्सिकोहून पद्धत आणली. मारियाच्या हातातील शिलाई मशीन आणायचे राहिले. मारियाला मालिकेत एक रात्रशाळा सापडते, एक कौशल्य सापडते, कमाईचा रस्ता सापडतो. भगवंतीला फक्त सहानुभूती सापडली.

मात्र एका पक्षाने या मालिकेतून अचूक धडा घेतला. 'हम लोग'चा प्रायोजक होता 'मॅगी टू मिनिट नूडल्स' हा तेव्हा बाजारात नवा असलेला पदार्थ. नूडल्स या शब्दाचा उच्चार ज्यांना ठाऊक नव्हता त्या घरांत वर्षभरात ती पिवळी पाकिटे पोहोचली. कुटुंब लहान ठेवा हे पटले की नाही ते सांगणे कठीण, पण मुलांना दोन मिनिटांत काय करून घालावे हे पटले. जाहिरातदारांची दूरदर्शनपुढे रांग लागली आणि प्रायोजित मालिकांचे युग सुरू झाले. त्याच १९८५ मध्ये बासू चटर्जींची 'रजनी' आली. प्रिया तेंडुलकरांनी रंगवलेल्या त्या गृहिणीने टॅक्सीचालकांच्या अरेरावीवर बोट ठेवले, तर चालकांनी खरोखरच निदर्शने केली. खरे-खोटे यांच्यातील कुंपण दोन्ही बाजूंनी मोडले होते.

१७ डिसेंबर १९८५ रोजी, दीडशेहून अधिक भागांनंतर, 'हम लोग' संपली. संपली, हे महत्त्वाचे. कारण तेलेनोवेलाचा तो एक नियम इथवर तरी पाळला गेला होता.

त्यानंतरची दोन दशके भरभर ओलांडता येतील. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या. १९९४ मध्ये 'शांति' आणि पाठोपाठ शोभा डे यांच्या लेखणीतील 'स्वाभिमान' यांनी दुपारचा प्रेक्षक पकडला. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाली आणि 'आभाळमाया'ने मराठी रोजची मालिका घराघरांत रुजवली. जगाच्या दुसऱ्या टोकाला, मोडकळीस आलेल्या सोव्हिएत संघात 'लोस रिकोस तांबिएन योरान', म्हणजे 'श्रीमंतही रडतात', ही मेक्सिकन मालिका दाखवली जात होती आणि तिच्या वेळेला रस्ते ओस पडत होते. नायिका वेरोनिका कास्त्रो मॉस्कोला गेली तेव्हा तिचे स्वागत एखाद्या राष्ट्रप्रमुखासारखे झाले. स्पॅनिश मालिका कुठेही जाऊ शकते, हे एव्हाना सिद्ध झाले होते.

भारतात ती पुन्हा आली १ सप्टेंबर २००३ रोजी, आणि या वेळी उघडपणे, हक्क विकत घेऊन. कोलंबियातील लेखक फेर्नांदो गायतान यांची 'यो सोय बेत्ती, ला फेआ', म्हणजे 'मी बेत्ती, कुरूप', १९९९ ते २००१ या काळात तिकडे गाजली होती. तिचा भारतीय अवतार म्हणजे सोनीवरील 'जस्सी जैसी कोई नहीं'. जाड चष्मा, दातांना तारा, ढगळ कपडे आणि डोक्यात हिशेबाची विलक्षण समज असलेली एक मुलगी मुंबईच्या झगमगत्या फॅशन कंपनीत नोकरी करते. मोना सिंग या अभिनेत्रीचा खरा चेहरा लोकांना दिसू नये म्हणून निर्मात्यांनी तिला जाहीर कार्यक्रमांतही जस्सीच्या वेषातच ठेवले. सासू-सुनांच्या जरीच्या साड्या आणि मध्यरात्रीही न उतरणारे दागिने यांना विटलेला प्रेक्षक तिच्याकडे वळला. नोकरीला जाणाऱ्या, लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्या मुलींना प्रथमच पडद्यावर हुशारी हे भांडवल असलेली नायिका दिसली.

बेत्ती ठरल्याप्रमाणे संपली. जस्सी संपेना. भारतातील अर्थकारण प्रत्येक भागामागे मिळणाऱ्या जाहिरातीवर चालते. चालणारी मालिका थांबवणे म्हणजे दूध देणारी गाय विकणे. म्हणून मूळ कथा सरल्यावर जस्सी रूप पालटून 'जेसिका बेदी' झाली, नवी पात्रे आली, जुनी परतली, आणि ज्या प्रेक्षकाने तिला डोक्यावर घेतले होते तो कुरकुरू लागला. मराठीत याला एक नेमका शब्दप्रयोग आहे : पाणी घालणे. त्या पाण्याचा उच्चांक मराठीनेच गाठला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ई टीव्ही मराठीवरील 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये थांबली. भाग तीन हजारांहून अधिक. नावात चार दिवस होते.

अशोककुमारांनी पडद्यावरून विचारलेला प्रश्न मधल्या काळात विरून गेला होता. पोस्टकार्डाची जागा घेतली ती दर आठवड्याच्या प्रेक्षकसंख्येच्या आकड्याने. कोण पाहते ते त्या आकड्यातून कळते. पाहताना कोण चिडले, कोण रडले, कुणाला बडकीला चार शब्द सांगावेसे वाटले, ते कळत नाही. मालिका पाहणारी बाई मात्र बदलली नव्हती. ती अजूनही सगळे पाहत होती, त्यातले निवडून घेत होती आणि उरलेले शेजारणीशी बोलताना निकालात काढत होती.

मनोहर श्याम जोशी ३० मार्च २००६ रोजी दिल्लीत निवर्तले. त्या दिवशी 'जस्सी' अजून चालूच होती; तिचा शेवटचा भाग मे महिन्यात दाखवला गेला.